पुस्तकविक्रेता आणि कायदा: 'मला माहीत नव्हतं' कुठं चालतं, कुठं नाही

मागच्या वैशाखात शिरपूरहून एक मुलगा धुळ्याला माझ्या दुकानात आला. बसस्टँडजवळ गाळा घेतलेला, रॅक ठोकून झालेले, आता माल भरायचा होता. प्रकाशकांचे पत्ते, कमिशन, परतीची मुदत असं सगळं त्यानं वहीत उतरवून घेतलं आणि उठता उठता विचारलं, "काका, एखाद्या पुस्तकात काही भलतंसलतं निघालं तर मला धरतील का? ते मी लिहिलेलं नाही, छापलेलं नाही, वाचलेलंही नसणार."

त्याला परत बसवलं आणि चहा मागवला. त्या दिवशी तासभर जे बोललो तेच इथं लिहून काढतो आहे, कारण जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये आता तालुक्याच्या गावीही अभ्यासिकांच्या आसपास पुस्तकांची दुकानं निघतायत आणि हा प्रश्न बहुतेकांच्या मनात येतो तोवर उशीर झालेला असतो. मी वकील नाही. बावीस वर्षं गल्ल्यावर बसलेला विक्रेता आहे. कलमं वकिलांकडून समजून घेतली, काही स्वतः कोर्टाच्या पायऱ्या चढून.

त्याच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: हो, धरू शकतात. पण "मला माहीत नव्हतं" या वाक्याचं वजन प्रत्येक कायद्यात वेगळं आहे. कुठं ते तुम्हाला सोडवतं, कुठं त्यानं फार तर शिक्षा कमी होते, आणि लेखी नोटीस हातात पडल्यावर ते वाक्य तुमच्या कामाचं राहत नाही.

पहिलं काम: बिल

छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे. त्यामुळे आपल्या धंद्यात छोट्या दुकानदाराला बिल मागायची सवयच लागत नाही. कर नाही तर कागद कशाला, असं मीही म्हणायचो. दुकानाच्या चौथ्या वर्षी एक फिरता विक्रेता प्लास्टिकच्या कट्ट्यात इंग्रजी पुस्तकं घेऊन आला. साडेतीनशे छापील किंमत, मला ऐंशीला. महिनाभरात निम्मा माल खपला. मग एक दिवस प्रकाशकाचा माणूस साध्या गिऱ्हाइकासारखा येऊन एक प्रत घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी पोलिसांना घेऊन आला. एकसष्ट प्रती पंचनाम्यावर गेल्या. "माल कुणाचा?" याला उत्तर म्हणून माझ्याकडे एक मोबाइल नंबर होता, आणि तो लागत नव्हता. ते प्रकरण मिटायला अडीच वर्षं गेली.

कॉपीराइट कायदा १९५७ चा. नकली प्रत छापणं जसा भंग आहे, तसंच ती विकणं, भाड्यानं देणं किंवा विक्रीसाठी मांडून ठेवणं हाही भंगच. कलम ६३ खाली किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २,००,००० रुपये दंड आहे. फौजदार किंवा त्यावरचा अधिकारी वॉरंटशिवाय प्रती जप्त करू शकतो. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे 'पुस्तकच तर आहे' म्हणून हलक्यात घ्यायचा हा विषय नाही.

मात्र या कलमात 'जाणूनबुजून' हा शब्द आहे. तुम्हाला खरोखर माहीत नसेल तर बचाव आहे, पण तो तोंडानं सिद्ध होत नाही. पुरवठादाराचं नाव-पत्ता असलेलं बिल, बँकेतून केलेला भरणा, चलनाची प्रत, हे समोर ठेवलं की तुमच्या म्हणण्याला वजन येतं. आणि साडेतीनशेचं पुस्तक ऐंशीला बिलाशिवाय घेतलं असेल तर ती किंमतच तुमच्याविरुद्ध बोलते.

नकली प्रत ओळखायला डोळा बसवावा लागतो. पान उजेडात धरा. छापील पुस्तक स्कॅन करून त्यावरून छापलेलं असतं, म्हणून अक्षरांच्या कडा फुटलेल्या आणि शाई राखाडी दिसते. मुखपृष्ठावर जिथं उठावाची अक्षरं हवीत तिथं बोट फिरवलं तर सपाट लागतं. पुस्तक मधोमध उघडून हलकं दाबलं की पाठीचा गोंद कडकन सुटतो. सोळा पानांचा एखादा फर्मा दोनदा लागलेला असतो किंवा एखादा नसतोच. मागच्या बारकोडखालचा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आतल्या पानावरच्या आकड्याशी जुळवून पाहा, पुष्कळदा जुळत नाही. माझ्या त्या कट्ट्यातल्या पुस्तकांत यातल्या चार खुणा होत्या. तेव्हा कोणी दाखवल्या नाहीत.

स्पर्धा परीक्षांच्या मालात हा धोका सगळ्यात जास्त. टेलिग्रामवरून उतरवलेली पीडीएफ झेरॉक्सवर काढून, स्पायरल लावून विकणं हे काही गावांत राजरोस चालतं. मुलं मागतात, कारण मूळ पुस्तक परवडत नाही, आणि त्यांची अडचण खरी आहे. तरीही ते करू नका. त्याऐवजी जुनी पुस्तकं परत घ्या आणि निम्म्या किमतीत विका. अधिकृत प्रत एकदा विकली गेली की तीच प्रत पुन्हा विकायला कॉपीराइट आड येत नाही. रद्दीतून किंवा विद्यार्थ्यांकडून घेतलेल्या पुस्तकांसाठी मात्र एक वेगळी वही ठेवा: तारीख, कुणाकडून, किती, काय दिलं. बालभारतीची पाठ्यपुस्तकं अधिकृत वितरकाकडूनच उचला.

जांगडवर, म्हणजे विक्री वा परत या बोलीवर माल घेत असाल तर चलनावर तसं लिहून घ्या. मालकी प्रकाशकाचीच आहे हे कागदावर राहतं. माझ्याकडे प्रत्येक पुरवठादाराची वेगळी फाइल आहे आणि आठ वर्षांची बिलं मी टाकत नाही.

अश्लीलता: इथं 'माहीत नव्हतं' पुरत नाही

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुनं कलम २९२ आता २९४ झालं. त्याचे शब्द नीट वाचावेत, कारण त्यात विक्रेताच डोळ्यांसमोर आहे: अश्लील पुस्तक विकणं, भाड्यानं देणं, वाटणं, जाहीर मांडणं, आणि विक्रीसाठी जवळ बाळगणंसुद्धा. एकही प्रत खपली नाही तरी माळ्यावरचा गठ्ठा पुरतो. भाड्यानं पुस्तकं देणारं खाजगी वाचनालय चालवत असाल तर तेही यात आलं. इलेक्ट्रॉनिक मजकूरही आता कलमात स्पष्ट आहे, त्यामुळे व्हॉट्सॲपवर टाकलेली पानंही धरा. पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५,००० रुपयांपर्यंत दंड, पुन्हा दोषी ठरल्यास पाच वर्षं आणि १०,०००. गुन्हा दखलपात्र आहे, पण जामीनपात्र.

आता विक्रेत्याच्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचा निकाल. मुंबईत कुलाब्याला हॅपी बुक स्टॉल नावाचं दुकान होतं, चार भागीदारांचं. १९५९ च्या डिसेंबरात पोलिसांनी बनावट गिऱ्हाईक पाठवून तिथून एका गाजलेल्या इंग्रजी कादंबरीची न गाळलेली प्रत विकत घेतली आणि चौघांवर खटला भरला. प्रत्येकाला २० रुपये दंड झाला. भागीदारांपैकी रणजित उदेशी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्यांचा मुद्दा आपल्या शिरपूरच्या मुलाचाच होता: दुकानात येणारं प्रत्येक पुस्तक विक्रेता वाचू शकत नाही, मग त्यात काय आहे हे त्याला माहीत होतं असं सरकारनं सिद्ध करायला नको का? १९६४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठानं सांगितलं की नको. पुस्तक अश्लील ठरलं आणि ते तुमच्या वतीनं विकलं गेलं, की तुम्हाला दोषी धरता येतं. आपल्या नकळत किंवा संमतीशिवाय विक्री झाली हे दाखवण्याची जबाबदारी तुमची. माहिती नसणं शिक्षा कमी करायला उपयोगी पडू शकतं, एवढंच.

दंड वीस रुपयांचा होता, पण तत्त्व आजही कायम आहे. भावासोबत भागीदारीत दुकान टाकत असाल तर यात तोही आला. काउंटरवर बसवलेल्या पोरानं विकलं तरी प्रश्न तुम्हालाच विचारला जाणार.

बदललं आहे ते 'अश्लील कशाला म्हणायचं' याचं माप. १९६४ मध्ये १८६८ च्या एका इंग्लिश खटल्यातली कसोटी लावली होती: ज्यांचं मन अशा गोष्टींनी बिघडू शकतं त्यांच्यावर काय परिणाम होईल? २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती बाजूला ठेवून आजच्या समाजाची सर्वसाधारण मापं आणि संपूर्ण कृतीचा संदर्भ पाहायचं ठरवलं. शिवाय कलमातच सूट आहे: विज्ञान, साहित्य, कला, विद्या किंवा लोकहिताच्या इतर कारणांसाठी असलेलं प्रकाशन, आणि धार्मिक उपयोगासाठी प्रामाणिकपणे ठेवलेलं पुस्तक. त्यामुळे शरीरविज्ञान, लैंगिक शिक्षण, कामशास्त्रावरचे अभ्यासग्रंथ, समकालीन कादंबऱ्या ठेवायला घाबरू नका. घाबरून चांगली पुस्तकं काढून टाकणारे विक्रेते मी पाहिले आहेत आणि त्याचं मला वाईट वाटतं. तालुक्याच्या गावात ती पुस्तकं मिळायचं तेवढं एकच ठिकाण असतं.

दिवाळी अंकांबाबतही तेच. १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकातल्या एका कथेवरून खटला झाला होता. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कथा अश्लील नाही म्हणून लेखकाला सोडलं. अंकांचे गठ्ठे येतात तेव्हा प्रत्येक कथा वाचणं शक्य नाही. मी एवढं करतो: अनोळखी नावाचा अंक असेल तर मुखपृष्ठ, मधली चित्रं आणि अनुक्रमणिका पाहतो, आणि संपादक, मुद्रक, प्रकाशकाचं नाव-पत्ता छापलेला आहे ना ते तपासतो. तो पत्ताच नसलेली पातळ पुस्तकं, पिन मारलेली, बसस्टँडवर गुपचूप खपणारी, ती पिवळी पुस्तकं दारातूनच परत करा. त्यांच्यासाठी साहित्याची सूट मागायला कोणी लेखक उभा राहणार नाही. बायकांचं बीभत्स चित्रण असलेल्या पुस्तकांच्या विक्रीला १९८६ चा स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा कायदाही लागतो.

मुलांबाबत जास्त जपा. न्याय संहितेचं कलम २९५ म्हणजे अठरा वर्षांखालच्याला अश्लील वस्तू विकणं. पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत कैद, पुढच्या वेळी सात. आणि १९५६ चा एक कायदा फारसा कोणाला आठवत नाही: गुन्हे, हिंसा, क्रौर्य यांची चित्रकथा किंवा गोष्टी ज्या तरुण मनाला बिघडवतील, त्या विकण्यालाही सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. तिथं 'तरुण' म्हणजे वीस वर्षांखालचा. माझ्या दुकानात मोठ्यांची पुस्तकं छातीच्या वरच्या फळ्यांवर आहेत आणि शाळेच्या गणवेशातलं मूल मागायला आलं तर पुस्तक मीच काढून बघतो.

जत्रेतला माल

सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा असो की मुक्ताईनगरची, तिथं स्टॉल लावलात की ठोक विक्रेते तुम्हाला दोन प्रकारची पुस्तकं गळ्यात मारतील, कारण ती खपतात. एक वशीकरण, करणी, भानामतीची. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा अघोरी प्रथा करण्याइतकाच त्यांचा प्रचार-प्रसार करण्यालाही बंदी घालतो, शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. अमुक पुस्तक त्यात बसतं की नाही यावर वकील वाद घालतील. पण तो वाद तुमच्या खर्चानं होईल.

दुसरा प्रकार मला जास्त छळतो: 'हमखास पुत्रप्राप्ती'च्या पुस्तिका. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याचं कलम २२ लिंगनिवडीच्या कोणत्याही मार्गाची, शास्त्रीय असो वा अशास्त्रीय, जाहिरात प्रसिद्ध करणं आणि वाटणं या दोन्हीला बंदी घालतं. जाहिरातीत सूचना, परिपत्रक, वेष्टन आणि इतर कागदपत्रं येतात. तीन वर्षांपर्यंत कैद आहे. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या १,००० मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या. त्या जिल्ह्याच्या जत्रेत ही पुस्तिका मांडायची आणि वर पोटासाठी मांडली म्हणायचं, हे मला जमत नाही. तुम्हीही ती घेऊ नका.

भावना दुखावल्याची तक्रार

इथं पारडं फिरतं. दोन समाजांत वैर वाढवणं हे न्याय संहितेचं कलम १९६, आणि धार्मिक भावना जाणीवपूर्वक, दुष्ट हेतूनं दुखावणं हे कलम २९९. दोन्ही दखलपात्र आणि अजामीनपात्र, म्हणून भीती वाटते. पण दोन्हींचा प्राण हेतू आहे. शिवचरित्रावरच्या एका परदेशी अभ्यासकाच्या पुस्तकावरून पुण्यात गुन्हा नोंदला गेला होता. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रकाशक आणि मुद्रकावरची कारवाई रद्द केली आणि जुन्या दंड संहितेच्या १५३अ साठी, म्हणजे आजच्या १९६ साठी, हेतू सिद्ध व्हावा लागतो असं सांगितलं. या दोन्ही कलमांखाली न्यायालयाला दखल घेण्याआधी शासनाची मंजुरी लागते. तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांना उपअधीक्षकांच्या परवानगीनं चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करण्याची मुभा नव्या नागरिक सुरक्षा संहितेत (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) आहे. वकिलाला ती मागायला सांगा.

तुमचा हेतू कुठं दिसेल? पुस्तकात नाही, तुमच्या स्वतःच्या शब्दांत. पुस्तक फळीवर ठेवणं वेगळं, आणि दुकानाच्या स्टेटसवर 'अमक्यांचा बुरखा फाडणारं पुस्तक आलं' असं लिहून टाकणं वेगळं. पुस्तकाचं नाव, लेखक, किंमत, एवढंच लिहा.

अमळनेरला फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७ वं साहित्य संमेलन भरलं, तेव्हा माझा गाळा होता. एक बुजुर्ग गृहस्थ एका पुस्तकावर बोट ठेवून म्हणाले, "भाऊ, हाई पुस्तक आठे नको." मागे चार-पाच पोरं उभी. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "आबा, तुम्ही वाचलंय का?" वाचलेलं नव्हतं. म्हटलं, तुमचं म्हणणं लिहून द्या, मी प्रकाशकाला पाठवतो. दोन ओळी लिहून दिल्या आणि गेले. प्रत्येक वेळी इतकं सोपं नसतं. आवाज चढला, हात पुस्तकांवर पडायला लागले तर वाद घालू नका, ११२ ला फोन करा आणि कॅमेरा चालू ठेवा. पुस्तक उचलून नेण्याचा, फाडण्याचा अधिकार कुठल्याही खाजगी माणसाला किंवा संघटनेला नाही. आणि हो, त्या दिवसापुरतं पुस्तक दर्शनी टेबलावरून आतल्या फळीवर नेलंत तर त्यात शरम वाटण्याचं कारण नाही. दुकान उद्याही उघडायचं असतं.

बंदी खरी की ऐकीव?

'या पुस्तकावर बंदी आहे' हे वाक्य तुम्ही पुष्कळदा ऐकाल. दर वेळी एकच विचारा: अधिसूचना क्रमांक आणि तारीख काय? नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ प्रमाणे राज्य सरकार राजपत्रात अधिसूचना काढून पुस्तक सरकारजमा करू शकतं. तिच्यात कारणं लिहावी लागतात. कारणं न लिहिलेला आदेश सर्वोच्च न्यायालयानं १९६१ मध्येच रद्द केला होता. एकदा अधिसूचना निघाली की पोलीस ती प्रत भारतात कुठंही जप्त करू शकतात. दुसऱ्या राज्याचा आदेश आपल्याला लागू नाही, हा समज चुकीचा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये जम्मू-काश्मीर सरकारनं २५ पुस्तकं अशी सरकारजमा केली आणि त्याच आठवड्यात श्रीनगरच्या पुस्तकांच्या दुकानांत पोलिसांची तपासणी झाली. त्यातली प्रत नंदुरबारच्या फळीवर असेल तर तीही जप्त होऊ शकते.

अधिसूचनेविरुद्ध दोन महिन्यांत उच्च न्यायालयात अर्ज करता येतो. त्या पुस्तकात हितसंबंध असलेल्या कोणालाही. आपल्या तिन्ही जिल्ह्यांचं काम औरंगाबाद खंडपीठाकडे आहे. वर सांगितलेल्या शिवचरित्रविषयक पुस्तकाच्या जप्तीची अधिसूचना मुंबई उच्च न्यायालयानं रद्द केली आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कायम ठेवलं.

आयातबंदी हा वेगळा प्रकार, ती सीमाशुल्क कायद्याखाली येते. रश्दींच्या एका कादंबरीची आयात १९८८ मध्ये थांबवली गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात ती अधिसूचना सरकारला दाखवताच आली नाही आणि ती अस्तित्वातच नाही असं धरावं लागेल, असं न्यायालय म्हणालं. मधली छत्तीस वर्षं विक्रेते ज्या कागदाला घाबरत होते तो शेवटी कोणाला सापडला नाही. म्हणून कागद मागा.

हे आपल्याकडे नवं नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवलेल्या साने गुरुजींचा 'पत्री' हा कवितासंग्रह इंग्रज सरकारनं जप्त केला होता. त्यातलं 'बलसागर भारत होवो' आज शाळेत म्हणतात. सरकारी यादीतलं नाव म्हणजे पुस्तकाच्या किमतीचा दाखला नव्हे. विक्रेत्यानं मात्र अधिसूचना लागू आहे तोवर प्रत फळीवर ठेवू नये.

नोटीस आली की

वकिलाची नोटीस, प्रकाशकाचं पत्र, कुणाचा अर्ज, काहीही लेखी आलं की पहिल्यांदा त्यावर मिळाल्याची तारीख आणि वेळ टाका. त्या क्षणापासून तुमची कायदेशीर बाजू बदलते. न्याय संहितेतलं बदनामीचं कलम ३५६ बघा: बदनामीकारक मजकूर आहे हे माहीत असून छापील वस्तू विकणं, असा तो गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत साधी कैद. काल माहीत नव्हतं. आज नोटिशीनं सांगितलं. उद्या विकलंत तर तुमचं वाक्य गेलं.

मी करतो ते असं. पुस्तकाच्या सगळ्या प्रती मोजून एका खोक्यात घालतो, वर चिठ्ठी लावतो, विक्री थांबवतो. नष्ट करत नाही, घाईनं परतही पाठवत नाही, कारण मग पुरावा लपवल्यासारखं दिसतं. त्याच दिवशी प्रकाशकाला ईमेल आणि स्पीड पोस्टानं कळवतो आणि त्याचं लेखी उत्तर मागतो. मग वकिलाकडून चार ओळींचं उत्तर: मी विक्रेता आहे, लेखन-प्रकाशनाशी संबंध नाही, अमुक बिलानं माल घेतला, नोटीस मिळताच विक्री थांबवली. पुस्तक चूक आहे की बरोबर, यावर एक शब्दही लिहू नका. ते लेखक-प्रकाशकाचं काम. तक्रार पोकळ आहे असं वकिलानं सांगितलं आणि प्रकाशकानं लेखी जबाबदारी घेतली, की प्रती पुन्हा फळीवर लावा. दर नोटिशीला पुस्तक कायमचं काढलंत तर उद्या कोणीही पन्नास रुपयांच्या पत्रावर तुमचं दुकान रिकामं करील.

वेळेवर उचललेलं पाऊल किती उपयोगी पडतं याचं उदाहरण मराठीतलंच आहे. १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या एका अंकात गांधीजींवरची कविता छापली गेली आणि खटला उभा राहिला. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कवीवरचा खटला चालू ठेवला, पण प्रकाशकाला मोकळं केलं, कारण त्यानं खटला उभा राहण्याआधीच बिनशर्त माफी छापली होती. सुटायला एकवीस वर्षं लागली, तरी आधार त्या एका जुन्या कागदाचाच मिळाला.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथं विचारा.

पोलीस दारात आले तर

घाबरगुंडी उडते, हे मला माहीत आहे. तरी आधी नाव, हुद्दा, पोलीस ठाणं लिहून घ्या. मग विचारा: गुन्हा नोंदला आहे का, कोणत्या कलमाखाली, झडतीचं वॉरंट आहे का. हे विचारणं उद्धटपणा नाही, 'साहेब' म्हणून नम्रपणे विचारा. वॉरंट सगळीकडे लागतंच असं नाही, कॉपीराइटचं वर सांगितलंच. पण पंचनामा सगळीकडे लागतो. परिसरातले दोन तटस्थ पंच, जप्त मालाची यादी आणि तिची सहीची प्रत तुम्हाला. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती-जप्तीचं चित्रीकरण करणं बंधनकारक आहे. होत नसेल तर आठवण करून द्या.

एकदा एका ठाण्याचे दोघे जण 'वरून विचारणा आहे' म्हणून एका अंकाच्या नऊ प्रती नुसत्याच पिशवीत घालायला लागले होते. मी म्हटलं, "साहेब, मला प्रकाशकाला हिशोब द्यावा लागतो, यादी करून द्या." यादी झाली, सही झाली.

यादी करताना पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, आवृत्ती आणि प्रतींची संख्या नीट लिहायला लावा. 'किरकोळ पुस्तके, नग अंदाजे ४०' अशी यादी मान्य करू नका. जबाब द्यायचा झाला तर बिलाप्रमाणे जे आहे तेवढंच सांगा, अंदाज नको. कोऱ्या कागदावर सही नको. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत साधारणपणे आधी हजर राहण्याची नोटीस दिली जाते. ती आली तर दिलेल्या वेळेला जा, वकिलाला सोबत घेऊन.

जप्त माल परत हवा असेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे मुद्देमालासाठी अर्ज करावा लागतो. कॉपीराइटच्या जप्तीत ही मुदत फक्त पंधरा दिवसांची आहे, ती चुकवू नका. अर्जाला पंचनाम्याची प्रत आणि खरेदीचं बिल जोडायचं, आणि दोन्हींतली नावं-संख्या जुळली पाहिजे. त्या नऊ प्रती मला सात महिन्यांनी सुपूर्दनाम्यावर मिळाल्या, प्रत्येकीच्या मागच्या पानावर मुद्देमालाचं लेबल चिकटवलेलं. सुपूर्दनामा म्हणजे न्यायालय मागेल तेव्हा माल हजर करायची हमी, म्हणून त्या विकल्या नाहीत, परतही पाठवल्या नाहीत. प्रकरण बंद झाल्याचा कागद हातात आल्यावर सगळ्याची झेरॉक्स लावून त्या प्रकाशकाकडे पाठवल्या, आणि बिलाच्या फाइलमध्ये ती नोंद केली.